अंडाशयाच्या गाठीत ई-कॅडहेरिन, सीडी-४४, एपकॅम: रिपोर्टात प्रॉग्नोसिस लिहायचं का?

लॅब_चिपळूण

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या ठिकाणची लॅब आहे. रोजचं काम एच अँड ई (साधी हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगाई) वर चालतं, आयएचसी (अँटिबॉडी लावून ठरावीक प्रोटीन रंगवणं) बाहेर जातं. प्रश्न एका रिपोर्टावरून निघालाय. पंचावन्नच्या आसपास वय, दोन्ही अंडाशयांत गाठी, ओमेंटमवर (पोटातल्या चरबीच्या पडद्यावर) दोन सेंटीमीटरपेक्षा मोठे गोळे, म्हणजे फिगो पद्धतीने स्टेज ३-सी. ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) परस्पर मोठ्या शहरातल्या एका लॅबला गेला आणि तिथून हाय-ग्रेड सीरस कार्सिनोमा (अंडाशयाच्या कॅन्सरचा नेहमीचा, आक्रमक प्रकार) असं निदान आलं. खाली शेरा: "ई-कॅडहेरिन मेंब्रेनस स्टेनिंग कमी, सीडी-४४ पॉझिटिव्ह, एपकॅम जोरदार पॉझिटिव्ह. बायोलॉजिकली अ‍ॅग्रेसिव्ह, प्रॉग्नोसिस पुअर." ही तिन्ही पेशींच्या चिकटण्याशी संबंधित प्रोटीनं; प्रॉग्नोसिस म्हणजे रोगाचं पुढे काय होईल याचा अंदाज. निदान पक्कं करणाऱ्या पी-५३ आणि डब्ल्यूटी-१ चा उल्लेखच नाही. नातेवाईक "पुअर" हा शब्द धरून बसलेत आणि सर्जन म्हणतात, यापुढे प्रत्येक ओव्हरीला हे पॅनेल लावा.

विचारायचं एवढंच: एका पेशंटपुरता या शेऱ्याला काही अर्थ आहे का? आणि ई-कॅडहेरिन, बीटा-कॅटेनिन इथेच सुरू करायचं म्हटलं तर क्लोन (अँटिबॉडीचा वाण), रिट्रीव्हल (उष्णतेने प्रोटीन पुन्हा उघडं करणं), कंट्रोल (तुलनेचा नमुना) काय ठेवावं? पावसाळ्यात आमचं एच अँड ई सुद्धा धड येत नाही, म्हणून आधीच विचारतोय.

ओमेंटम_पाहणारी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. या तीन मार्करवरून त्या बाईंचं पुढे काय होईल हे सांगता येत नाही आणि रिपोर्टात तसं लिहूही नये. पी-५३ आणि डब्ल्यूटी-१ न करता हे पॅनेल लावणं म्हणजे पायाचा पत्ता नाही आणि कळसाची घाई.

स्तन आणि जठरामुळे आपल्या डोक्यात एक सूत्र पक्कं बसलंय की ई-कॅडहेरिन गेलं की पेशी सुट्या होतात आणि पसरतात. अंडाशयात सुरुवातच उलटी आहे. अंडाशयाच्या पृष्ठभागावरचा थर मेसोथेलियमच्या (पोटाच्या आतल्या अस्तराच्या) जातकुळीचा. त्यात ई-कॅडहेरिन जवळपास नसतं, एन-कॅडहेरिन असतं. फॅलोपियन ट्यूबच्या अस्तरात मात्र ई-कॅडहेरिन भरपूर. हाय-ग्रेड सीरसचा उगम बहुतेक वेळा ट्यूबच्या झालरीत, स्टिकमध्ये (तिथल्या अगदी सुरुवातीच्या, आत न घुसलेल्या कॅन्सरमध्ये) असतो हे आता मान्य झालंय. त्यामुळे "नॉर्मल ओव्हरी निगेटिव्ह, ट्यूमर पॉझिटिव्ह, म्हणून ई-कॅडहेरिन वाढलं" असं जे जुन्या पेपरांत सापडतं, ती तुलनाच चुकीच्या थराशी केलेली आहे. ट्यूबशी तुलना केली तर प्राथमिक गाठीत ते बऱ्यापैकी टिकलेलं किंवा ठिकठिकाणी कमी झालेलं दिसतं.

पसरण्याची तऱ्हाही वेगळी. हा रोग मुख्यतः रक्तातून जात नाही. पेशींचे गुच्छ पोटातल्या पाण्यात सुटतात, पाण्याच्या ओघाने उजव्या डायफ्रामखाली, ओमेंटमवर, पॅराकोलिक खाचांत जाऊन बसतात. तो गुच्छ एकत्र धरून ठेवायला ई-कॅडहेरिनच कामी येतं, कारण एकटी पडलेली पेशी पाण्यात मरते आणि गुच्छातली तगते. मग पेरिटोनियमला चिकटायला दुसरी माणसं लागतात: सीडी-४४ हायल्युरोननला धरतं, मक-१६ (म्हणजे आपण रक्तात मोजतो तेच सीए-१२५) मेसोथेलिनला धरतं, बीटा-१ इंटिग्रिन फायब्रोनेक्टिन आणि कोलॅजेनला. त्यामुळे "चिकटवणारं प्रोटीन कमी म्हणजे वाईट, जास्त म्हणजे चांगलं" हा हिशेब इथे लागत नाही. एकच प्रोटीन एका टप्प्यावर रोगाला आवरतं आणि दुसऱ्या टप्प्यावर त्याची सोय करतं.

आता प्रॉग्नोसिसचे पेपर. ई-कॅडहेरिन कमी असलेल्या पेशंट कमी जगतात असा कल एकत्रित विश्लेषणांत दिसतो, ते खोटं नाही. पण बऱ्याच मालिकांत सीरस, म्युसिनस, एंडोमेट्रिऑइड, क्लिअर सेल सगळं एका टोपलीत घातलेलं असतं. म्युसिनस आणि एंडोमेट्रिऑइड गाठी ई-कॅडहेरिनला सहसा ठसठशीत पॉझिटिव्ह येतात, आणि त्या बऱ्याचदा पहिल्या स्टेजलाच सापडतात. मग "ई-कॅडहेरिन जास्त, जगणं जास्त" हे निघणारच! मार्करने तिथे फक्त हिस्टोटाइप (कॅन्सरचा पेशीप्रकार) आणि स्टेजची नक्कल केलेली असते. एकट्या हाय-ग्रेड सीरसमध्ये, स्टेज आणि ऑपरेशननंतर उरलेला रोग धरून पाहिलं की तो संबंध पुष्कळदा विरतो. सीडी-४४ ची तर आणखी गंमत. स्टँडर्ड रूप मोजलं की व्ही-६ व्हेरियंट, यावरच निष्कर्ष उलटसुलट येतात. एपकॅम बहुतेक सगळ्या एपिथेलियल ओव्हरियन कार्सिनोमांत पॉझिटिव्ह असतं, मग त्याने वेगळं काय सांगितलं?

बीटा-कॅटेनिनचं थोडं निराळं. एंडोमेट्रिऑइड कार्सिनोमात सीटीएनएनबी-१ जनुकाच्या तिसऱ्या एक्झॉनमध्ये म्युटेशन असेल तर प्रोटीन मोडलं जात नाही, न्यूक्लियसमध्ये साठतं. अंडाशयात अशा गाठी बहुधा कमी ग्रेडच्या, स्क्वेमस मोर्यूल (सपाट पेशींचे गोळे) असलेल्या आणि बऱ्या वागणाऱ्या. पण हेच म्युटेशन गर्भाशयाच्या अस्तरातल्या कमी ग्रेडच्या, सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये रोग उलटण्याचा धोका वाढवतं. म्हणून दोन्हीकडे गाठ असेल तेव्हा एका अवयवाचा निष्कर्ष दुसऱ्यावर चिकटवू नका. वाचताना फक्त न्यूक्लियस मोजा. मेंब्रेनवरचा रंग सगळीकडेच असतो. मोर्यूलमधले न्यूक्लियस सर्वांत गडद येतात, आजूबाजूच्या ग्रंथींत अधूनमधून.

ही प्रोटीनं निदानाला मात्र खरोखर उपयोगी पडतात. दोन्ही अंडाशयांत घट्ट गाठी, पेशी रांगेत किंवा एकेकट्या, कुठे सिग्नेट रिंग, असं दिसलं की ई-कॅडहेरिन लावा. स्तनाचा लोब्युलर कार्सिनोमा असेल तर ई-कॅडहेरिन निगेटिव्ह, पी-१२० कॅटेनिन मेंब्रेन सोडून सायटोप्लाझममध्ये, गाटा-३ (स्तनाकडे बोट दाखवणारा) पॉझिटिव्ह आणि पॅक्स-८ (ट्यूब-अंडाशयाकडचा) निगेटिव्ह. जठराचा डिफ्यूज प्रकार, म्हणजे क्रुकेनबर्ग गाठ, यातही ई-कॅडहेरिन कमी किंवा गायब. तरुण बाई असेल आणि घरात जठराच्या कॅन्सरचा किंवा लोब्युलरचा इतिहास असेल तर सीडीएच-१ (ई-कॅडहेरिनचं जनुक) ची जर्मलाइन, म्हणजे आनुवंशिक, तपासणी सुचवा. आणि मायक्रोसिस्टिक स्ट्रोमल ट्यूमर नावाची दुर्मीळ गाठ न्यूक्लियर बीटा-कॅटेनिन, सीडी-१० आणि डब्ल्यूटी-१ वरच ओळखू येते. ही कामं सोडून भविष्य सांगायला या मार्करांना बसवलं की घोडं पेंड खातं.

मायक्रोटोम_रत्नागिरी

तांत्रिक बाजू माझ्याकडून. अँटिबॉडी मागवण्याआधी फॉर्मॅलिन सुधारा, कारण निम्मे "ई-कॅडहेरिन कमी" तिथेच तयार होतात.

वीस सेंटीमीटरची गाठ बरणीत कोंबून, वर चार बोटं फॉर्मॅलिन ओतून, संध्याकाळच्या एसटीने पाठवली की मधला भाग दुसऱ्या दिवशीही कच्चाच असतो. फॉर्मॅलिन तासाला साधारण एक मिलिमीटर शिरतं, नंतर त्याहूनही हळू. मग कडेला मेंब्रेन छान रेखीव आणि मध्ये फिकट, पसरट. वाचणारा त्याला "हेटरोजीनस लॉस" म्हणतो! नमुना काढल्यापासून तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये, नमुन्याच्या किमान दहापट द्रव, आणि गाठ उघडून अर्धा ते एक सेंटीमीटरचे काप, मधे गॉझ. फिक्सेशन ६ ते ७२ तास. पण उघडण्याआधी कॅप्सूल पाहून, फोटो काढून, पृष्ठभागाला शाई लावून घ्या. कॅप्सूल (गाठीचं आवरण) ऑपरेशनमध्ये फुटली तर स्टेज १-सी-१, आधीच फुटलेली किंवा पृष्ठभागावर ट्यूमर असेल तर १-सी-२. थिएटरमध्ये कुणी सुरी फिरवून ठेवली की हा फरक कायमचा गेला. स्टेज कुठल्याही मार्करपेक्षा महत्त्वाची, तेव्हा सर्जनना हे आधी सांगा: नमुना तिथे उघडायचा नाही, लगेच लॅबमध्ये आणायचा. लॅब लांब असेल तर कॅप्सूलची नोंद आणि फोटो झाल्यावरच, एकाच जागी, ठरवून एक छेद.

बफर्ड फॉर्मॅलिन घरीच करा. एक लिटरला: ३७ ते ४० टक्क्यांचं फॉर्माल्डिहाइड १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट निर्जल ६.५ ग्रॅम. पीएच ७ च्या आसपास. विहिरीचं किंवा नळाचं पाणी नको. बफर नसलेलं फॉर्मॅलिन ठेवून ठेवून आम्लधर्मी होतं, रक्ताळ भागात तपकिरी-काळं पिगमेंट पाडतं आणि डीएनएची वाट लावतं. उद्या त्याच ब्लॉकवर बीआरसीए (आनुवंशिक कॅन्सरशी जोडलेली जनुकं) करायचं झालं तर सिक्वेन्सिंग फेल.

ग्रॉसिंगला (नमुना पाहून कापताना) ट्यूब विसरू नका. झालर कापून तिचे लांबट काप, उरलेल्या ट्यूबचे २ ते ३ मिलिमीटरचे आडवे काप, सगळं ब्लॉकमध्ये. स्टिक सापडण्यासाठी हे हवंच, पण आयएचसीला दुसरा फायदा असा की त्याच पेशंटची, त्याच बरणीतली, तेवढाच वेळ फिक्स झालेली ट्यूब ई-कॅडहेरिनला आयता अंतर्गत कंट्रोल ठरते. ट्यूबचा एपिथेलियम फिकट असेल तर स्लाइड रद्द, ट्यूमरकडे बघायचंच नाही. बाहेरचा कंट्रोल म्हणून कोलन किंवा अपेंडिक्स (इथे जोरदार यायला हवं) आणि यकृत. हेपॅटोसाइटच्या कडा स्पष्ट दिसल्या नाहीत तर अँटिबॉडी पातळ झालीय किंवा रिट्रीव्हल कमी पडलंय. नुसत्या कोलनवर भरवसा नको, तिथे प्रोटीन इतकं असतं की ढिसाळ प्रोटोकॉलही पास होतो. स्ट्रोमा आणि लिम्फोसाइट निगेटिव्ह राहिले पाहिजेत.

प्रोटोकॉल: ३ ते ४ मायक्रॉनचा काप, चार्ज्ड स्लाइड, ६० अंशांवर एक तास. डीपॅराफिन, मग पीएच ९ चा ट्रिस-ईडीटीए (लिटरला ट्रिस १.२१ ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए ०.३७ ग्रॅम, ट्वीन-२० अर्धा मिली). प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाब आल्यापासून तीनेक मिनिटांपासून सुरुवात करून वेळ स्वतःच्या कंट्रोलवर ठरवा. नंतर त्याच द्रवात २० मिनिटं निवू द्या. गरम स्लाइड थेट थंड पाण्यात घातली की काप सुटतो, आणि ओमेंटमचा चरबीवाला काप तर हमखास सुटतो. ३ टक्के पेरॉक्साइड १० मिनिटं. अँटिबॉडी १:५०, १:१००, १:२०० अशी उतरती करून पाहा. पुस्तिकेतला आकडा तुमच्या कुकरला माहीत नसतो.

क्लोनबद्दल एक गोष्ट नीट पाहा. एचईसीडी-१ हा ई-कॅडहेरिनच्या पेशीबाहेरच्या भागाला धरतो, क्लोन ३६ आतल्या, सायटोप्लाझमिक टोकाला. एमएमपी आणि अ‍ॅडम-१० सारखे प्रोटिएज बाहेरचा भाग कापतात आणि साधारण ८० किलोडाल्टनचा तुकडा पोटातल्या पाण्यात सुटतो. अशा गाठीत पहिल्या क्लोनने "कमी" आणि दुसऱ्याने "टिकून आहे" असं येऊ शकतं. दोन लॅबचे रिपोर्ट जुळत नाहीत तेव्हा भांडायच्या आधी क्लोन विचारा.

पावसाळ्याचं दुखणं. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या हवेत अ‍ॅबसोल्यूट अल्कोहोल उघडं राहिलं की पाणी ओढतं. डिहायड्रेशन अर्धवट राहतं, झायलीन दुधाळ होतं, मेण आत नीट शिरत नाही, काप चुरतो. शेवटच्या अल्कोहोलची परीक्षा सोपी आहे: चिमूटभर निर्जल कॉपर सल्फेट टाका. पांढरं राहिलं तर ठीक, निळं झालं तर पाणी आलंय, बदला. बाटल्यांची झाकणं घट्ट, आणि पावसाळ्यात अल्कोहोल बदलायचा फेरा अर्ध्यावर आणा. तुमचं एच अँड ई येत नाही त्याचं दुसरं कारण पाणी असू शकतं. जांभ्यातून येणारं मऊ, किंचित आम्ल पाणी हिमॅटॉक्सिलिनला निळं करत नाही, न्यूक्लियस लालसर जांभळे राहतात. लिटरभर पाण्यात सोडियम बायकार्बोनेट ३.५ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट २० ग्रॅम घालून त्यात मिनिटभर बुडवा, लगेच फरक दिसेल. आयएचसीच्या काउंटरस्टेनलाही तेच.

कापून ठेवलेल्या कोऱ्या स्लाइड दमट कपाटात आठवडे राहिल्या तर अँटिजेन उतरतं. लागतील तेवढ्याच कापा. अँटिबॉडी २ ते ८ अंशांत, पण फ्रीजच्या दारात नाही. वीज गेली-आलेली नोंदवायला आत किमान-कमाल तापमापी ठेवा. महावितरणचा भरवसा आणि मोनोक्लोनलचा भाव, दोन्ही लक्षात घेऊन यूपीएस आधी घ्या.

कणकवली_ऑन्को

उपचाराच्या बाजूने दोन शब्द. ई-कॅडहेरिन कमी आलं म्हणून मी कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल बदलत नाही आणि जास्त आलं म्हणून एकही सायकल कमी करत नाही. या पेशंटसाठी मला रिपोर्टातून हवंय ते: पक्का हिस्टोटाइप, ऑपरेशननंतर डोळ्यांना दिसणारा रोग उरला का, आणि बीआरसीए. उरलेला रोग शून्य असणं हा आपल्या हातातला सर्वांत मोठा घटक. बीआरसीए किंवा एचआरडी (डीएनए दुरुस्तीतला दोष) पॉझिटिव्ह असेल तर पार्प इनहिबिटर मेंटेनन्सचा, म्हणजे किमोनंतर रोग आवरून धरणाऱ्या औषधांचा, रस्ता उघडतो, आणि मुली-बहिणींची तपासणी पुढे येते. एंडोमेट्रिऑइड आणि क्लिअर सेलमध्ये एमएमआरची (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी) चार प्रोटीनं मागतो, कारण लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक कॅन्सरचा प्रकार.

आधी किमो देऊन मग ऑपरेशन केलं असेल तर ओमेंटमवर केमोथेरपी रिस्पॉन्स स्कोअर (किमोने गाठ किती मेली त्याचा आकडा) १, २ किंवा ३ लिहा, त्याला खर्च शून्य. आणि सीए-१२५ दर सायकलला एकाच लॅबमधून करा. पहिल्या शंभर दिवसांत ते किती वेगाने उतरतं यावरून केलिम काढता येतो, १ किंवा वर असेल तर प्लॅटिनम चांगलं लागू पडतंय असं समजतात. रिपोर्टातल्या त्या सगळ्या शेऱ्यापेक्षा हा आकडा मला जास्त सांगतो.

नातेवाईकांना सांगायचं तर: "या तपासणीने उपचारही बदलत नाही आणि अंदाजही." बस्स.

लॅब_चिपळूण

धन्यवाद, हे सर्जनना जसंच्या तसं दाखवतो. अजून एक विचारायचं राहिलं. बऱ्याच वेळा गाठ येतच नाही, पोटातलं पाणी येतं, अंगावरचं दुखणं तसंच काढून उशिरा आलेल्या बायकांचं. त्या पाण्यावर एपकॅम चालतं का?

ओमेंटम_पाहणारी

चालतं, आणि एपकॅमची खरी जागा तीच. बेर-ईपी-४ किंवा एमओसी-३१, दोन्ही एपकॅमलाच धरतात. सोबत क्लॉडिन-४ असेल तर उत्तम: तेही जोडणीचंच प्रोटीन, कार्सिनोमात पॉझिटिव्ह आणि मेसोथेलियममध्ये निगेटिव्ह. समोरून मेसोथेलियमचा मार्कर म्हणून कॅलरेटिनिन लावा. उगम ठरवायला पॅक्स-८. एक सापळा: डब्ल्यूटी-१ मेसोथेलियल पेशींतही येतो, म्हणून पाण्यात एकट्या डब्ल्यूटी-१ वर सीरस म्हणू नका. ई-कॅडहेरिनही इथे कामाचं नाही, प्रक्षुब्ध मेसोथेलियम कधीकधी उचलतं.

पाणी निदान १०० मिली, अधिक असेल तर बरं, ताजं. लगेच पाठवता येत नसेल तर फ्रीजमध्ये, गोठवायचं नाही. गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन घाला. ईडीटीए कॅल्शियम बांधून घेतं आणि कॅडहेरिनची पकड कॅल्शियमवरच असते, गुच्छ सुटे झाले की वाचायला जड जातं. सेंट्रिफ्यूज करून गाळावर प्लाझ्माचे दोन-तीन थेंब, तेवढंच थ्रॉम्बिन, हलवा, दोन-चार मिनिटांत जेलीसारखी गोळी जमते. ती लेन्स पेपरात गुंडाळून फॉर्मॅलिनमध्ये. सेल ब्लॉक अल्कोहोलमध्ये फिक्स केला असेल तर फॉर्मॅलिनवर बसवलेला प्रोटोकॉल त्याला लागू समजू नका, वेगळा कंट्रोल हवा.

आणि पोटाचा टीबी डोक्यात ठेवा. पाणी, जाड ओमेंटम, सीए-१२५ शेकड्यांत, सगळं हुबेहूब. पाण्यात नुसते लिम्फोसाइट दिसत असतील तर एडीए (टीबीत वाढणारं एन्झाइम) पाठवा, आणि ऊतीचा पुरावा मिळेपर्यंत किमोची घाई नको.

पीजी_दुसरं_वर्ष

सर, मॅडम, माझा एमडी थिसीस याच विषयावर ठरतोय: ६० केसेस, ई-कॅडहेरिन आणि सीडी-४४, जगण्याशी संबंध. वरचं वाचून धसका घेतलाय. मेटा-अनॅलिसिसमध्ये संबंध दिसतो असं मॅडमनीच लिहिलंय, मग थिसीस करायचा की सोडायचा?

आकडेमोड

सोडू नका, प्रश्न बदला. ६० केसेसमध्ये पाच हिस्टोटाइप मिसळले आणि दोन वर्षांचा पाठपुरावा असला, तर समजा २० मृत्यू हाताशी येतील. एका व्हेरिएबलमागे साधारण दहा घटना हव्यात, म्हणजे मॉडेलमध्ये दोनच व्हेरिएबल बसतात. स्टेज आणि उरलेला रोग घातला की जागा संपली, मार्करला जागाच नाही. मार्कर एकटा घालून "पी ०.०३" मिळवणं म्हणजे वर मॅडमनी सांगितलेली टोपलीतली सरमिसळ.

बहुतेक थिसीस कटऑफवर घसरतात. १० टक्के, ५० टक्के, मीडियन, एच-स्कोअर १०० असं सगळं करून बघायचं आणि जिथे रेषा फाकते तो आकडा घ्यायचा. हे करू नका. एच-स्कोअर म्हणजे फिकट पेशींची टक्केवारी गुणिले १, मध्यम गुणिले २, गडद गुणिले ३, बेरीज ० ते ३००. तो तसाच अखंड आकडा म्हणून वापरा किंवा कटऑफ सिनॉप्सिसमध्येच (थिसीसच्या आराखड्यात) आधी लिहा. वाचणारे दोघं, एकमेकांचं आणि पेशंटचं पुढचं न बघता, आणि कप्पा (दोघांचं वाचन किती जुळतं त्याचा आकडा) द्या. टिश्यू मायक्रोअ‍ॅरे (अनेक गाठींचे बारीक तुकडे एकाच ब्लॉकमध्ये) करणार असाल तर प्रत्येक गाठीतून किमान तीन कोअर, एक कडेचा. किमोनंतरचे नमुने किमोआधीच्यांत मिसळू नका. मार्करचे अभ्यास कसे लिहावेत याची रिमार्क (REMARK) नावाची मार्गदर्शक तत्त्वं २००५ पासून आहेत, सिनॉप्सिस लिहितानाच समोर ठेवा.

तुमच्या हातात होण्याजोगा आणि खरा उपयोगी प्रश्न सांगू? एकाच पेशंटची ट्यूब, अंडाशयातली गाठ आणि ओमेंटम या तीन ठिकाणी ई-कॅडहेरिन दोन वेगळ्या क्लोननी कसं बदलतं. जोडीतली तुलना असल्याने कमी केसेस पुरतात, पाठपुराव्याची वाट बघायला नको, फक्त हाय-ग्रेड सीरस घ्यायच्या. जगण्याचा आकडा वाटलाच तर जोडपत्रात द्या.

पीजी_दुसरं_वर्ष

हे गाइडना पटेल असं वाटतं. ट्यूब सगळ्या केसेसमध्ये मिळेल का हीच शंका, कधी ट्यूब गाठीतच विरघळलेली असते.

मायक्रोटोम_रत्नागिरी

निदान एका बाजूची बऱ्याचदा मिळते, ग्रॉसिंगला शोधली तर. गाठीवरून बोट फिरवून दोरीसारखं काही ताणलेलं लागतं का बघा. नसेल तर ती केस वगळा आणि वगळलेल्यांचा आकडा लिहा.

कणकवली_ऑन्को

एक भर घालतो, नाहीतर कुणी म्हणेल चिकटपणाची प्रोटीनं अगदी टाकाऊ. औषधाचं लक्ष्य म्हणून ती येतायत. कॅडहेरिन-६ ला धरणाऱ्या अँटिबॉडीला किमोचं औषध जोडून केलेलं औषध चाचण्यांत आहे, हाय-ग्रेड सीरसमध्ये ते प्रोटीन बरंच असतं. चिकटण्याशी संबंध नसलेलं फोलेट रिसेप्टर अल्फा तर त्याच वाटेने पुढे गेलंय. त्यावरच्या मिर्व्हेटुक्सिमॅबला अमेरिकेत २०२२ मध्ये वेगवान (अटींसह) आणि २०२४ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, आणि ते देण्याआधी ७५ टक्के किंवा अधिक ट्यूमर पेशींत मध्यम ते गडद मेंब्रेन स्टेनिंग लागतं, तेही ठरलेल्या किटवर. म्हणजे मेंब्रेन नीट वाचायची सवय उपयोगाला येणार, आणि ब्लॉकमध्ये ट्यूमर शिल्लक असला पाहिजे. निरुपयोगी पॅनेलसाठी ब्लॉक खरवडून संपवू नका.

लॅब_चिपळूण

ठरलं. त्या केसचा ब्लॉक परत मागवलाय. आता क्रम काय ठेवू, आणि पुढच्या लॅबला काय काय पाठवू?

ओमेंटम_पाहणारी

एका वेळी ब्लॉक एकदाच ट्रिम होईल असं बघा. दर वेळी नव्याने बसवला की तोंड सरळ करण्यातच ट्यूमर जातो. पहिला काप एच अँड ई, मग पाच-सहा कोऱ्या चार्ज्ड स्लाइड, शेवटी पुन्हा एच अँड ई, म्हणजे ट्यूमर अजून आहे याची खात्री. स्लाइडवर पी-५३, डब्ल्यूटी-१, पॅक्स-८, ईआर. पी-५३ वाचताना गडद सरसकट, पूर्ण कोरा किंवा सायटोप्लाझमिक, हे तिन्ही अ‍ॅबनॉर्मल. कोरा म्हणायच्या आधी स्ट्रोमातल्या पेशींत थोडा रंग आहे ना ते बघा, नसेल तर स्लाइडच फसलीय. बीआरसीएसाठी ट्यूमर सर्वांत जास्त आणि नेक्रोसिस कमी असलेला ब्लॉक पाठवा, एच अँड ई वर पेनने गोल करून, अंदाजे ट्यूमर टक्केवारी लिहून. ओमेंटमचा ब्लॉक पुष्कळदा अंडाशयापेक्षा चांगला निघतो, लहान तुकडा असल्याने नीट फिक्स झालेला असतो.

सोबतच्या चिठ्ठीत नमुना केव्हा काढला, फॉर्मॅलिनमध्ये केव्हा गेला, किमो आधी झाली का, एवढं लिहा. आणि त्या जुन्या शेऱ्याबद्दल सुधारित रिपोर्टात एकच ओळ पुरे: "ई-कॅडहेरिन, सीडी-४४ आणि एपकॅम यांच्या स्टेनिंगवरून या गाठीत प्रॉग्नोसिस ठरवू नये, उपचाराचा निर्णय हिस्टोटाइप, स्टेज, उरलेला रोग आणि बीआरसीए तपासणीवर घ्यावा."